डाव्या पायाचं सुतक

२०१३ साली पोर्शने ९११ जीटी३ आणली ती फक्त पीडीके हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घालून. दोन क्लच, एकावर विषम गिअर, दुसऱ्यावर सम, त्यामुळे पुढचा गिअर आधीच कंबर कसून उभा. माणसाच्या हाताची काय बिशाद! भक्तमंडळी मात्र सुतकात, डाव्या पायाला कामच उरलं नाही म्हणून. अखेर २०१६ मध्ये ९११ आर आली. क्लचचं पेडल, सहा गिअर, गाड्या मोजून ९९१. मेहनत जास्त, भाव चढा, तरी उड्या पडल्या. आता ह्युंदाईच्या विजेवरच्या आयोनिक ५ एनमध्ये बदलायला गिअरच नाहीत. तरी स्टिअरिंगमागचं पॅडल ओढलं की मोटर मुद्दाम हिसका देते, स्पीकर गुरगुरतो. हा हिसका आमची एसटी तिकिटातच द्यायची.