इलेक्ट्रॉनला स्टेप मार्किंग मान्य नाही

अकरावीच्या केमिस्ट्रीच्या पेपरात मी एक गणित हटकून घालतो. सोडियमच्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवायला जास्तीत जास्त 241 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश चालतो; तर आयनीभवन ऊर्जा किती? प्लँकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग, भागिले तरंगलांबी. त्याला ॲव्होगॅड्रोच्या आकड्याने गुणलं की मोलला 496 किलोज्यूल. संपलं!

पण यंदा एका पठ्ठ्याने ‘नॅनो’ गिळला आणि ढेकरही दिला नाही. उत्तर आलं 0.0005 ज्यूल. खाली दोन रेघा, भोवती चौकट. 241 मीटर! अहो, या तर रेडिओच्या मध्यम लहरी. म्हणजे आकाशवाणीवर ‘आपली आवड’ लागली, की प्रयोगशाळेत रॉकेलच्या बाटलीत बुडून बसलेल्या सोडियमचे इलेक्ट्रॉन पटापट बाहेर!

पेपर हातात पडताच स्वारी हजर. “सर, फॉर्म्युला बरोबर, किमती बरोबर, फक्त पॉवर राहिली. तीनपैकी दोन तरी द्या ना!” दिले. बोर्डाची रीतच आहे: पायरीपायरीने मार्क वेचायचे आणि पस्तिशी गाठायची.

इलेक्ट्रॉनपुढे मात्र ही डाळ शिजत नाही. प्रकाश सुट्या पुड्यांनी येतो, हे आइन्स्टाइनने 1905 मध्ये सांगितलं. एकाच पुडीत सगळी रक्कम हवी. सोडियमचा दर 5.14 इलेक्ट्रॉन व्होल्ट. रस्त्यावरच्या सोडियमच्या दिव्याचा पिवळा फोटॉन 589 नॅनोमीटरचा, खिशात जेमतेम 2.1. असे शंभर दिवे रात्रभर लावा, इलेक्ट्रॉन घर सोडत नाही. फार तर वरच्या पायरीवर चढतो, क्षणात खाली येतो आणि घेतलेले 2.1 पिवळ्या उजेडात जसेच्या तसे परत करतो. उधारी नाही, हप्ते नाहीत, वर्गणी नाही. हायड्रोजन तर आणखी कडक: 13.6 मोजा, म्हणजे 91.2 नॅनोमीटरचा अतिनील फोटॉन आणा, मगच बोला.

असा करडा परीक्षक बोर्डाला मिळाला तर? पहिल्याच वर्षी निकाल शून्य टक्के, पालक गेटवर आणि इलेक्ट्रॉनची बदली गडचिरोलीला. तिथेही तो 5.14 च मागेल म्हणा!