पाठीवरचे बिऱ्हाड

निवृत्त झालेल्या मराठी माणसास पहिल्या सहा महिन्यांत तीनपैकी एक व्याधी जडते, असे माझे निरीक्षण आहे. तो होमिओपॅथीची पेटी विकत घेतो, कुलवृत्तांताचे दप्तर उघडतो, किंवा ज्या घरात स्वस्थ बसता यावे म्हणून आयुष्यभर हप्ते फेडले त्याच घरातून बाहेर पडण्याचे मनसुबे रचू लागतो. मला तिसरी व्याधी जडली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. परंतु विंचू एकटाच प्रवास करतो, त्याला आई नसते, सौभाग्यवती नसते आणि लोणच्याची बरणी तर नसतेच नसते, हा तपशील म्हण रचणाऱ्याने गाळला असल्याचे माझ्या ध्यानात फार उशिरा आले.

माझा मुक्काम मौजे नागाव, तालुके अलिबाग, जिल्हा कुलाबा. शासनाने १९८१ साली या जिल्ह्याचे नाव बदलून रायगड केले हे मला मान्य आहे. परंतु माझ्या पिढीच्या जिभेने तो हुकूम अद्याप बजावून घेतलेला नाही. या किनाऱ्यावर फिरते बिऱ्हाड ही काही अपूर्वाई नव्हे. सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा-गलबतांपासून आजच्या मच्छीमार होड्यांपर्यंत, चूल, पाणी, तांदूळ आणि अंथरूण बरोबर घेऊन दिवसचे दिवस समुद्रावर संसार करणारी माणसे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. जे पाण्यावर साधते ते डांबरी रस्त्यावर साधावयास हरकत काय, असा साधा तर्क मी केला आणि त्या तर्कापोटी एक जुनी मालमोटार विकत घेतली.

ती ४०७ होती. टाटांनी १९५४ साली जर्मन कंपनीच्या सहकार्याने मालमोटारी बांधावयास घेतल्या आणि १९८६ साली ही धाकटी ४०७ बाजारात आणली. तेव्हापासून विटा, वाळू, वऱ्हाड आणि गणपती यांपैकी जे जे म्हणून महाराष्ट्रात हलते ते ते पुष्कळसे तिनेच हलविले आहे. माझ्या वाट्यास आलेल्या गाडीने आपली उमेदीची वर्षे मुंबईस मासळी पोहोचविण्यात वेचली होती. विकणाऱ्याने इंजिनाची स्तुती अशा काही गहिवराने केली, की मुलगी सासरी धाडणारा बाप आठवावा. डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाही. आत हवा इतकी दाबली जाते, की त्या दाबाच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. दाबून दाबून आतल्या आत तापावयाचे आणि मग पुढे सरकावयाचे, हा धर्म सरकारी नोकरीत मी स्वतः तेहतीस वर्षे आचरलेला असल्यामुळे त्या यंत्राविषयी मला तत्काळ आत्मीयता वाटली. बाकी गाडीविषयी बोलावयाचे तर खाऱ्या वाऱ्याने पत्र्यास इतकी भोके पाडली होती, की खिडक्या कोठे काढाव्यात हा प्रश्न निम्मा सुटलाच होता.

घर बांधावयाचे म्हणून मी सुतार बोलाविला, आणि येथेच माझी पहिली चूक झाली. सुतार उत्तम होता. त्याने बांधलेली माजघरे तीन पिढ्या टिकली होती. परंतु त्याने ओळंबा सोडला आणि तो लोंबता ठेवून बराच वेळ गाडीकडे पाहत राहिला. गाडी अंगणाच्या उतारावर उभी, मागील पाटे डावीकडे बसलेले, हौदा जुन्या ओझ्यांनी मध्ये खचलेला. त्या साऱ्या रचनेत काटकोन म्हणून एकही नव्हता. "भाऊसाहेब, आधी ही सरळ कोण, तुमची गाडी की माझा ओळंबा, ते ठरवा," असे म्हणून त्याने विडी पेटविली. अखेर शेजारचे तांडेल मदतीस धावून आले. होडीत सरळ काहीच नसते, हे त्यांना ठाऊक होते. लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत टिकावयाचे नाहीत, पितळी घ्या. जे बांधता येते ते टांगू नका. पाण्याची टाकी मध्ये आणि खाली ठेवा, असे तीन उपदेश त्यांनी केले. त्यांपैकी पहिले दोन मी पाळले. तिसरा मात्र स्वयंपाकाचा ओटा उजवीकडे आल्यामुळे पाळता आला नाही, आणि दोनशे लिटरांची टाकी उजव्या भिंतीशी बसली. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन, हे शाळेत शिकलो होतो. परंतु टाकी भरताक्षणी गाडीने जी उजवीकडे मान टाकली, तिने ते ज्ञान पक्के झाले.

मग आमच्या घरातील बुणग्यांनी हौद्यावर स्वारी केली. पानिपताच्या मोहिमेत लढणाऱ्यांहून न लढणारेच अधिक होते असे सांगतात. आमच्या मोहिमेत लढणारा मी एकटा होतो. सौभाग्यवतीने परात, पोळपाट, पापडाचा डबा आणि पाटा-वरवंटा यांची यादी दिली. "अहो, वरवंटा काय जड असतो?" हा तिचा प्रश्न होता, आणि पाट्याचा उल्लेख तिने हेतुतः टाळला होता. आईने मागितले ते एकच: देव्हारा. पूजेस बसणाऱ्याचे तोंड पूर्वेस हवे, एवढीच तिची अट. मी तिला विनयपूर्वक विचारले, की आई, जी गाडी वळणागणिक दिशा बदलते तिच्यात पूर्व कोणती धरावी? यावर ती शांतपणे म्हणाली, "अरे, देव काय चालत्या गाडीत पूजा मागतो? थांबशील तेव्हा तोंड पूर्वेला करून थांब."

म्हणून मी होकायंत्र आणले. भूचुंबकत्वाच्या कामी अलिबागचे नाव मोठे. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या तेव्हा त्यांच्या उपद्रवापासून सुया वाचाव्यात म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मोजमाप १९०४ साली अलिबागेस हलविण्यात आले, आणि तेथील इमारतीत लोखंडास मज्जाव करण्यात आला. त्या गावच्या शेजारी राहून, टनावारी लोखंडाच्या पोटात बसून होकायंत्र पाहणारा विद्वान मीच. सुईने क्षणभर विचार केला आणि ती गॅसच्या सिलिंडरकडे तोंड करून स्थिर झाली. त्या दिवशी आमची आरती सिलिंडरास ओवाळली गेली असती. परंतु आईने सूर्याकडे पाहिले आणि होकायंत्र परत करावयास सांगितले.

कायद्याची बाजूही मी सोडली नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये नोंदणीच्या दाखल्याशी विसंगत असा फेरबदल परवानगीवाचून करता येत नाही. आणि केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेने खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन परिवहनेतर वाहनांत गणली आहे. ही दोन्ही कलमे मुखोद्गत करून मी अर्जाची चळत घेऊन गेलो, कारण दप्तराची भाषा हीच काय ती माझी मातृभाषा. मजकुराच्या अचूकपणाचे तेथे कौतुक झाले. तपासणीस आलेल्या गृहस्थांनी ओटा पाहिला, देव्हारा पाहिला, खिडकीचे पडदे पाहिले आणि आसने किती, असे विचारले. पाट धरून की पाटावाचून, असे मी विचारल्यावर मात्र त्यांनी चष्मा पुसला.

एवढे सारे जमले. मासळीचा वास तेवढा गेला नाही. फिनेल झाले, लिंबू झाले, चिंचेचे पाणी झाले, शेवटी धूप-ऊद झाला. तेव्हा बोंबलास ऊद दाखविल्यासारखा एक तिसराच दरवळ उत्पन्न झाला. माणसे नाक धरून जात. मांजरे मात्र नाक धरून येत. नागावातील समस्त मार्जारकुल संध्याकाळी गाडीभोवती अर्धवर्तुळात बसे, आणि देवळाबाहेर भाविकांनी दार उघडण्याची वाट पाहावी तशा श्रद्धेने मागील फळीकडे पाहत राही.

अखेर एका गुरुवारी मोहीम निघाली. आईला काशीस जावयाचे होते. परंतु गाडीची तब्येत पाहता दक्षिण काशीवर, म्हणजे हरिहरेश्वरावर, तहनामा झाला. पहिला मुक्काम रेवदंड्यास, म्हणजे घरापासून आठ-नऊ किलोमीटरांवर पडला, कारण इंधनाचा काटा खोटे बोलला आणि रिकाम्या टाकीतून नळीत हवा शिरली; डिझेल गाडीने एकदा हवा धरली की हातपंपाने ती थेंबाथेंबाने काढावी लागते. दुसरा मुक्काम साळावचा पूल ओलांडून कोर्लईस, जेथे गावकरी आजही पोर्तुगीज मिसळलेली आपली स्वतंत्र बोली बोलतात. त्या बोलीत आमच्या गाडीविषयी जे बोलले गेले ते मला समजले नाही, हे बरेच झाले. तिसरा काशीदच्या सुरूंखाली. आणि तेथे पहाटे आईच्या पूजेच्या वेळी बाकाखालून एक बारीक आवाज आला.

वाकून पाहतो तो सौभाग्यवतीच्या जुन्या लुगड्याच्या गाठोड्यात एक करडी मांजर, आणि तिला बिलगलेली तीन पिल्ले. डोळे मिटलेली, म्हणजे फार तर आठवड्याची. बाळंतपण नागावासच उरकलेले असणार. मी त्यांना सुरूंखाली उतरवू पाहताच आईने माझ्याकडे असे पाहिले, की मी पेला ठेवून दूध आणावयास गेलो.

चौथा मुक्काम मुरूडला झाला. आगरदांड्याहून जंगरीवर गाडी चढवून खाडी ओलांडली तेव्हा जंगरीवाल्याने गाडीचे आणि माणसांचे पैसे घेतले, मांजरांचे घेतले नाहीत. पाचवा दिवेआगरला, सहावा श्रीवर्धनला. प्रत्येक ठिकाणी पूर्वेस तोंड करण्यासाठी मी पाऊण तास गाडी मागेपुढे केली, आणि प्रत्येक ठिकाणी मांजर उतरली, परिसर न्याहाळून आली आणि गाठोड्यात शिरली. सातवा मुक्काम हरिहरेश्वर.

मांजर पिल्लांना सात घरे फिरविते, असे आमच्याकडे म्हणतात. ते काम तिने एकाही पिल्लाची मान तोंडात न धरता पुरे केले. परतीच्या वाटेवर ती शांत झोपली होती. गाडी सध्या अंगणात आहे. पिल्लांना डोळे आले आहेत. आणि टाकी मी मध्ये, खाली बसवून घेतली आहे.