बिनमजल्याची इमारत

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या आणि मुरबाडच्या माणसाला एका बाकावर बसवून ‘तुमच्याकडे सर्वांत उंच काय?’ असा प्रश्न कधी विचारू नये. शहापूरकर ताबडतोब माहुली गडाचं नाव घेतो. उंची 858 मीटर. दुबईचा बुर्ज खलिफा 828 मीटर, म्हणजे दुबईवाले तीस मीटरने हरले, हेही तो न विचारता सांगतो. माहुली समुद्रसपाटीपासून मोजलेला आणि बुर्ज जोत्यापासून, असल्या बारकाव्यात तो शिरत नाही. मुरबाडकर सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि सिद्धगड काढतो. सिद्धगड माहुलीहून उंच. मग शहापूरकर आजोबा काढतो. डेहणे गावाच्या मागे उभा असलेला हा आजोबाचा डोंगर दोघांच्याही वरचढ, आणि एकदा आजोबांचं नाव निघालं की मुरबाडकराला पडतं घ्यावंच लागतं.

या वादात इमारतीचं नाव कधी येत नाही. यायला इमारत तरी हवी! मोबाइलचा मनोरा सोडला, तर आमच्या बहुतेक गावांत सर्वांत उंच बांधकाम म्हणजे पाण्याची टाकी. ती चार खांबांवर दिमाखात उभी असते, तिच्यावर योजनेचं नाव ठळक अक्षरांत रंगवलेलं असतं, आणि पाणी सोडून बाकी सगळं तिच्यात असतं. मुरबाड तालुक्यात हा मान वर्षातून एकदा दुसरीकडे जातो. पौष पौर्णिमेला म्हसाची जत्रा भरली की आकाशपाळणा उभा राहतो आणि जत्रा उठेपर्यंत तोच पंचक्रोशीतला सर्वांत उंच मान्यवर. बैलबाजारात खोंडाचे दात तपासून झाले, घोंगडी घेऊन झाली, की घरची मंडळी पाळण्यात बसतात. पाळणा वर गेल्यावर जो तो आपलं घर शोधतो. वर चढून माणूस जग बघतो असं म्हणतात. आमची माणसं वर चढून आपलंच कौल बघतात.

मनोऱ्यांशी मुरबाडचं नातं मात्र जुनं आहे, आणि ते उभारण्याचं नाही, पाडण्याचं आहे. 1942 च्या चळवळीत भाई कोतवालांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत गटाने मुंबईला वीज नेणारे मनोरे एकामागून एक आडवे केले. डोंगरातल्या माणसांनी करवती चालवल्या आणि तिकडे मुंबईच्या कारखान्यांची चाकं थांबली. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. मुंबईची उंची कुठून पोसली जाते, हे त्या मंडळींना ऐंशी वर्षांपूर्वी नेमकं कळलं होतं. आपण अजून लिफ्टच्या बटणापाशीच आहोत.

आता आमच्याकडेही मजले चढू लागले आहेत. वासिंद, आसनगाव इथे लोकलच्या खिडकीतून पाहावं तर दर पावसाळ्यानंतर भातखाचरातून एखादी नवी इमारत उगवलेली दिसते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. त्याच्या पुलांचे खांब खालून बघताना म्हाताऱ्या माणसाची टोपी पडते. नव्या इमारतींच्या जाहिरातीत प्रत्येक सदनिकेतून माहुली दिसतो. खिडकीत नवरा, नवरी आणि भटोबा हे तिन्ही सुळके ओळीने उभे. लग्नाची ही मंडळी युगानुयुगं तिष्ठत आहेत आणि मुहूर्त काही लागत नाही. मग शेजारच्या भूखंडावर दुसरी इमारत येते, आणि पहिल्या इमारतीतल्या बिऱ्हाडांना नवरदेवाऐवजी समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसू लागतात. तक्रार कुणाकडे करणार? डोंगराचा सातबारा दाखवता येईल, तो दिसण्याचा कुठून आणायचा?

पण जगात असा सातबारा आहे. कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर हॅलिफॅक्स नावाचं शहर आहे. वस्ती काही लाखांची, म्हणजे आपल्याकडे मध्यम म्हणावं असं. शहराच्या मधोमध टेकडीवर ताऱ्याच्या आकाराचा जुना किल्ला आहे आणि खाली बंदर. 1971 साली तिथे फेनविक टॉवर उभा राहिला, 98 मीटर उंच, आणि वर्षानुवर्षं त्या साऱ्या किनारपट्टीवर त्याच्याहून उंच इमारत नव्हती. त्यात राहायचे कॉलेजचे विद्यार्थी. सोसाट्याचा वारा सुटला की इमारत डुलते आणि कमोडमधलं पाणी हिंदकळतं, अशी तिची ख्याती. पुढे उंचीची हौस वाढेल हे ओळखून शहराने सत्तरच्या दशकातच नियम केला: किल्ल्यावरून बंदराकडे पाहणाऱ्या नजरेच्या काही रेषा ठरवल्या आणि त्या रेषांना आडवी येईल अशी इमारत बांधायची नाही, असं ठरलं. किल्ल्याच्या आतल्या पटांगणात उभं राहिलं तर तटाच्या वर इमारतीचं डोकंही दिसता कामा नये. किल्ल्यातून लढायला आता कुणी नाही, पण बघणाऱ्याचा हक्क शाबूत आहे. इकडे आमच्या माहुलीवर 1636 साली शहाजीराजांनी वेढा सोसला आणि 1665 च्या पुरंदर तहात तो गड मोगलांना द्यावा लागला. एवढं सोसलेल्या गडाला एक मोकळी नजर मिळायला हवी, असं मला वाटतं.

फेनविकच्या त्या 98 मीटरवरून मला आमच्याकडच्या खऱ्या उंच बांधकामांची आठवण झाली. भातसा धरण 88.5 मीटर. मजल्याच्या हिशेबात जवळजवळ तीस मजले. खर्डीहून पुढे मोखाड्याच्या हद्दीवर, कोचाळ्याला, 2014 साली पूर्ण झालेलं मध्य वैतरणा 102.4 मीटर, म्हणजे हॅलिफॅक्सच्या टॉवरवर चार मीटरने मात! धरणाची उंची पायाच्या तळापासून मोजतात, म्हणजे जमिनीत गाडलेला भागही धरतात. पण जिना, लिफ्ट आणि भिंतीची जाडी धरून सुपर बिल्ट-अप विकणाऱ्या जगात एवढं चालायचंच.

तर आमच्या तालुक्यातली सर्वांत उंच इमारत म्हणजे भातसा, ती ही अशी: मजले नाहीत, लिफ्ट नाही, देखभाल खर्चावरून भांडणारी सोसायटी नाही. आत एकच भाडेकरू, पाणी. तो पावसाळ्यात राहायला येतो आणि नोकरीला रोज मुंबईला जातो. भातशाच्या नदीतून पिशाच्या बंधाऱ्यापर्यंत पायी, तिथून पंपाने पांजरापूरला, तिथे आंघोळ करून, स्वच्छ होऊन पुढे शहरात. मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातशाचा. शहापूरच्याच हद्दीतला तानसा तर 1892 पासून नोकरीत आहे आणि त्याला अजून निवृत्ती नाही. मुंबईत लोअर परळचा वर्ल्ड वन टॉवर 280 मीटर उंच असेल. त्याच्या गच्चीवरची टाकी ज्या दिवशी भरत नाही, त्या दिवशी सर्वांत वरच्या मजल्यावरचा मालक आणि आमच्या पाड्यावरची हंडा घेतलेली बाई एकाच उंचीवर असतात.

मुरबाडची गोष्ट वेगळी नाही. बारवी धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. शहरात इमारतीवर मजला चढला की लोक राहायला येतात; बारवीवर मजला चढला की मुरबाडच्या गावांना घरं सोडावी लागली. ते पाणी कारखान्यांना आणि कल्याण-डोंबिवलीच्या बाजूच्या नळांना जातं. त्या नळांवर कुणाचा राग नाही. तहान शहरातली असो की पाड्यावरची, ती खरीच असते. पण धरणांच्या या शहापूर तालुक्यात कित्येक गावपाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतो, हेही तितकंच खरं आहे. काही पाड्यांच्या अंगणातून धरणाचं पाणी चकाकताना दिसतं. ते नुसतं दिसतं.

म्हणून हॅलिफॅक्सकरांची युक्ती जराशी बदलून घ्यावी असं माझं म्हणणं आहे. त्यांनी किल्ल्यापासून पाण्यापर्यंत नजरेची रेषा आखली, आपण पाण्यापासून पाड्यापर्यंत आखू. ज्या पाड्याच्या अंगणातून धरणाचं पाणी दिसतं, त्या पाड्याच्या नळाला तेच पाणी आलं पाहिजे, आणि ते येईपर्यंत मुंबईत विसाव्या मजल्यावर एकविसावा चढवायचा नाही. कलम एवढंच. मोजायला सोपं, अंगणात उभं राहून पाहायचं. माहुलीचा देखावा मागाहून मागता येईल; तो गड धीराचा आहे. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडायला काहीच हरकत नाही. गावात विरोध झालाच तर तो फक्त टँकरवाल्यांचा होईल.