तळघरातील भट्टीच्या आद्य जोडणीकारांस अनावृत पत्र

श्रीयुत पूर्वीचे घरमालक यांसी,

सा. न. वि. वि.

आपला माझा प्रत्यक्ष परिचय नाही, आणि खरेदीखतावरील स्वाक्षरीपलीकडे आपल्या अस्तित्वाचा लेखी पुरावाही माझ्यापाशी नाही. तथापि गेल्या जानेवारीतील एका पहाटे, बाहेर पारा शून्याखाली १२ अंशांवर उतरला असता आणि न्यू जर्सीतील या घरात चिरंजीव, सूनबाई, नात व साताऱ्याच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला मी असे चौघे यच्चयावत रजया अंगावर ओढून बसलो असता, तळघरातील भट्टीच्या निमित्ताने आपल्या स्वभावाची जी ओळख पटली, तिची पोच न देणे कृतघ्नपणाचे होईल.

इकडची मंडळी जिला फर्नेस म्हणतात ती ही भट्टी आपण स्वहस्ते जोडली, असे शेजाऱ्यांकडून कळते. परवानाधारक कारागिराची मजुरी वाचली, नगरपालिकेच्या परवान्याची फी वाचली, आणि तपासनीस येईपर्यंत घरी थांबण्याची तसदीही पडली नाही. या जोडणीबद्दल नगरपालिकेच्या दफ्तरी एक चिटोराही नाही, हे ऐकून मात्र हयात नोंदी तपासण्यात गेलेल्या माझ्या पोटात कालवले. आमच्याकडे विहिरीवरच्या आंब्यालासुद्धा कागद असतो.

त्या पहाटे भट्टी पेटे, पाच-सात सेकंद निळी ज्योत दिसे आणि खट् असा आवाज होऊन विझे. तीनदा असे झाल्यावर तिने तासाभराचे मौन धारण केले. दुपारी आलेल्या मिस्त्र्याने गुडघ्यावर बसून जे निदान केले ते मला अद्भुत वाटले. ज्योत खरोखर पेटली आहे की नाही, हे यंत्राला ज्योतीत बुडालेल्या एका बारीक दांडीकडून कळते. दांडीतून ज्योतीत, ज्योतीतून बर्नरच्या पत्र्यात आणि तेथून अर्थिंगच्या वाटेने माघारी असा अवघ्या काही मायक्रोॲम्पियरचा प्रवाह वाहतो, आणि तो पोचला नाही तर यंत्र वायूची झडप मिटते. आपण अर्थिंगची तार पत्र्यावरचा रंग न खरवडता एका स्क्रूने जेमतेम टेकवली होती. स्क्रू गंजला, वाट मोडली, आणि डोळ्यांदेखत जळणारी ज्योत बिचाऱ्या यंत्राला दिसेनाशी झाली. आपल्या साऱ्या व्यवहारात इमानाने वागलेला तो एकटाच नोकर, आणि आम्ही सकाळपासून त्यालाच शिव्या देत होतो.

विजेच्या बाबतीत आपली काटकसर याहून उदात्त आहे. भट्टीला स्वतंत्र सर्किट असावे, असा इथला नियम. आपण शीतपेटीच्याच प्लगमधून तार ओढून एका १५ ॲम्पियरच्या सर्किटवर दोन संसार थाटून दिलेत. भट्टीशेजारी दिसेल असा एक स्विचही बसवलात, याबद्दल मी आपले अभिनंदन करणार होतो. पण तो वीज आणणाऱ्या काळ्या तारेवर नसून परतीच्या पांढऱ्या तारेवर आहे, म्हणजे स्विच बंद केल्यावर पंखा थांबतो खरा, परंतु आत १२० व्होल्ट तसेच दबा धरून बसलेले असतात, हे मिस्त्र्याने टेस्टर लावून दाखवले तेव्हा माझा हात आपोआप खिशात गेला. झाकण काढताच वीज तुटावी म्हणून दारामागे जी कळ असते ती आपण चिकटपट्टीने कायमची दाबून टाकली आहे. कचेरीत सही-शिक्का न पाहता पुढे सरकवलेली प्रकरणे मी पुष्कळ पाहिली आहेत, पण शिक्क्यालाच चिकटपट्टी लावणारा अर्जदार पहिलाच.

आता वायूकडे वळतो. नळीतून मुख्यतः वायूच येतो, पण त्याबरोबर गंजाची पूड व ओलही येते. म्हणून झडपेच्या अलीकडे उभ्या नळाला खाली किमान तीन इंचांचा एक बंद तुकडा सोडतात, वायू वळून पुढे जातो आणि जड कचरा त्या विहिरीत पडतो. आपण ते तीन इंच लोखंड वाचवलेत. भट्टीच्या पत्र्यातून ताठ लोखंडी नळ बाहेर काढावा आणि लवचिक नळी बाहेरच जोडावी, असा दंडक असताना आपण ती पिवळी नळी पत्र्याच्या भोकातून सरळ आत घुसवली. पंखा चालू झाला की पत्रा थरथरतो. भोकाच्या धारेने नळीवर काढलेली चकचकीत रेघ मिस्त्र्याने मला विजेरीच्या उजेडात दाखवली. सांध्यांवर पाण्याच्या नळाची पातळ पांढरी टेप होती. साताऱ्याचा आमचा नळवाला सफेदा आणि सुतळी वापरी, पण तो निदान पाण्याचे काम करतो आहे हे त्याला ठाऊक असे.

मिस्त्र्याने ब्रशने साबणाचे पाणी सांध्यावर फासले. प्रथम काहीच नाही. मग मोहरीएवढा एक बुडबुडा उमटला, वाटाण्याएवढा झाला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा उगवला. त्या बुडबुड्याने माझी निर्दोष मुक्तता केली. कारण गेली दोन वर्षे तळघराच्या जिन्यापाशी येणाऱ्या वासाचा आळ माझ्या मुळ्याच्या भाजीवर होता, आणि तो वास आला की सूनबाई आवर्जून स्वयंपाकघरातला पंखा लावीत.

नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो, हे आपणांस ठाऊक असेलच. टेक्सासातील न्यू लंडन येथील शाळेच्या चालकांनी पैसे वाचवण्यासाठी विकतचा वायू सोडून तेलविहिरींच्या टाकाऊ वायूची नळी शाळेला जोडून घेतली; तो गळून जमिनीखालच्या पोकळीत साठत गेला, कोणाच्या नाकाला काही कळले नाही, आणि १८ मार्च १९३७ रोजी दुपारी कार्यशाळेत एका शिक्षकाने लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र चालू केले. ठिणगी पडली. सुमारे ३०० मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर वायूत नासक्या अंड्यासारखा वास मुद्दाम मिसळण्याचा कायदा तेथे झाला. तोच वास दोन वर्षे जिन्याशी येऊन हाका मारीत होता, आणि आम्ही दिव्याच्या बटणालाही हात न लावता बाहेर पडून वायू कंपनीला कळवण्याऐवजी विजेचा पंखा लावीत होतो. हा दोष आमचा. तो आपल्या नावे टाकणार नाही. हिशेब तंतोतंत असावा.

असो. वायूचे सांधे नव्याने बांधले, तीन इंचांची विहीर आली, स्विच काळ्या तारेवर गेला, सर्किट वेगळे झाले, कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र झोपायच्या खोल्यांपाशी लागले, आणि पालिकेच्या तपासनिसाने सही करून हिरवी चिठ्ठी डकवली, जी मी रोज एकदा वाचतो.

एक किरकोळ काम राहिले. भट्टीच्या मागे पत्र्याला टेकून जोडणीची माहितीपुस्तिका सापडली. तिचे प्लॅस्टिकचे पाकीट अद्याप फोडलेले नाही. परकी मालमत्ता ठेवून घेण्याचा आमचा रिवाज नसल्याने ती आपल्यासाठी बैठकीत ठेवली आहे. सवडीने येऊन घेऊन जावी. दारावरची घंटा मात्र वाजवू नये. तिच्या तारा आपणच ओढल्याचे परवा उघडकीस आले. दार ठोठावावे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
घरातील एक वृद्ध रहिवासी