ड्रॅगन उडवण्याआधी शिरगावात करावयाची कामे

ॲनिमेटर होण्याची इच्छा साधारणपणे बारावीच्या निकालानंतर होते. (निकाल बरा लागला तर ती होत नाही, इंजिनिअरिंग होते.) अशा उमेदवाराने प्रथम घरी जाहीर करावे. घरचे विचारतील, ‘म्हणजे कार्टून काढणार?’ यावर हो म्हणू नये, नाहीही म्हणू नये. ‘थ्रीडी’ एवढेच म्हणावे. थ्रीडी म्हटल्यावर सहसा पुढचा प्रश्न येत नाही. शेजारचे काका मात्र तारापूरच्या एमआयडीसीत आठ तासांची ड्युटी कशी बरी, हे सांगतीलच. ते ऐकून घ्यावे. पुढे रात्री तीन वाजता रेंडर अडकला की त्यांचे बोलणे फार पटते.

मग खरेदी. ग्राफिक्स कार्ड, पेन टॅब्लेट, फिरती खुर्ची ही यादी जितकी लांबवता येईल तितकी लांबवावी, कारण ती पुरी होईपर्यंत काहीही न करायला सबळ कारण असते. घरात बरा लॅपटॉप असेल आणि ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळते हे कळले, तर मात्र पंचाईत. त्यात २०२५ साली ब्लेंडरवर केलेल्या ‘फ्लो’ या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. लॅटव्हियाच्या दिग्दर्शकाचा हा चित्रपट. नायक एक मांजर, आणि सबंध चित्रपटात कोणी एक शब्द बोलत नाही. तेव्हापासून ‘मशीन कमी पडतं’ ही सबब रद्द झाली आहे. लाइट गेल्याची सबब अजून चालते.

आता काम. पहिल्याच आठवड्यात उमेदवार ड्रॅगन करायला घेतो. निवड तशी धूर्तपणाची असते. ड्रॅगन कोणी पाहिलेला नसल्याने तो चुकला असे कोण म्हणणार? पण बैल सगळ्यांनी पाहिलेला असतो आणि ड्रॅगनला पाय बैलासारखेच चार असतात, इथे तो सापडतो. म्हणून शिकवणारे लोक आधी चेंडू देतात. चेंडू टप्पा खात जातो, वर गेल्यावर मंदावतो, म्हणून तिथली चित्रे जवळजवळ येतात. जमिनीकडे येताना वेग वाढतो, चित्रे लांब लांब पडतात. सेकंदाला २४ फ्रेम. टेनिसचा चेंडू की सीझनचा, हे रंग न भरता नुसत्या उडीवरून कळले पाहिजे. डिस्नेतल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघांनी १९८१ साली पुस्तक लिहून जी बारा तत्त्वे मांडली, त्यांतली निम्मी या चेंडूत येऊन जातात. उमेदवाराला हे कमीपणाचे वाटते. वाटू द्यावे.

चेंडू जमला की लॅपटॉप मिटून सातपाटीच्या बंदरावर जावे. पालघरजवळच्या आपल्या शिरगावच्या शेजारीच आहे, फी नाही. होड्या लागल्या की बायका माशांच्या पाट्या उचलतात, तिथे उभे राहावे. भरली पाटी डोक्यावर कशी जाते ते बारकाईने पाहावे. हात पुढे येण्याआधी पाय फाकतात, कंबर खाली जाते, श्वास घेतला जातो, मग उचल. वर जाण्याआधी शरीर खाली जाते. क्लासमध्ये याला ॲन्टिसिपेशन म्हणतात आणि त्यावर पाऊण तासाचा व्हिडिओ असतो. पाटी डोक्यावर बसली की मान आणि डोके जवळपास स्थिर राहते, हालचाल सगळी कमरेखाली जाते. पावले आखूड आणि भरभर पडतात. पदर एक क्षण उशिरा मागून येतो. तीच बाई रिकामी पाटी घेऊन परतते तेव्हा पाटी काखेत असते, खांदे सैल, पाऊल लांब. एकच बाई, एकच वाट, दोन चाली. हा फरक कीफ्रेममध्ये उतरवता आला तर नोकरी मिळण्यासारखी आहे.

फार वेळ टक लावून पाहू नये. ‘काय बघतो रे? मासे घ्यायचे तर घे, नाहीतर हात लाव पाटीला,’ असे ऐकावे लागते. हात लावावा. वजन डोळ्यांपेक्षा मणक्याला लवकर समजते. कोळणीवर कुठे सिनेमा होतो, असे ज्यांना वाटेल त्यांनी सुरेश एरियात यांचा ‘फिशरवुमन अँड टुकटुक’ शोधावा. मासे विकणारी बाई आणि रिक्षा यांची ती गोष्ट. २०१५ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपट ठरली.

यानंतर जनावरे. खाडीच्या चिखलात निवटी असते. हा मासा पुढचे दोन्ही पर एकदम टेकवून, कुबड्यांवर चालल्यासारखा अंग पुढे ढकलतो. परग्रहावरचा प्राणी करायचा असेल तर याच्यापेक्षा विचित्र चाल कल्पनेने सुचणार नाही. बगळ्याचा गुडघा उलटा वाकतो अशी सार्वत्रिक समजूत आहे. तो गुडघा नव्हेच, घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. कुत्र्याच्या आणि बैलाच्या मागच्या पायाचेही तेच, आणि उमेदवाराचे ड्रॅगन इथेच लंगडतात. बैल संथ चालतो तेव्हा मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा असा क्रम असतो. कुत्रा दुडक्या चालीत निघाला की तिरके पाय जोडीने पडतात. हे पाहताना कुत्रा आपल्याकडे येत नाही ना, तेही पाहावे. माणसाने शतकानुशतके घोडे पाळले, तरी घोड्याच्या दौडीत चारही खूर एकाच वेळी हवेत असतात की नाही याचा निकाल १८७८ साली छायाचित्रकार मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावले तेव्हा लागला. तेव्हा बैलाची चाल पहिल्या दिवशी चुकली तर निराश होऊ नये. दुसऱ्या दिवशी मात्र बैलाला दोष देऊ नये.

चेहऱ्यावरच्या भावांचा हट्ट धरणाऱ्यांनी डहाणू तालुक्यातल्या गंजाडला जाऊन यावे. जिव्या सोमा मशे तिथले. वारली चित्रांसाठी त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून धड, त्याला काड्यांचे हातपाय. डोळे नाहीत, ओठ नाहीत. तरी लावणी कोण करतो, तारपा कोण फुंकतो, ओझ्याने कोण वाकला, सगळे कळते, कारण कमरेपाशी शरीर कुठे झुकले आहे ते रेषेला ठाऊक असते. माझे मत असे, की पालघर जिल्ह्यातल्या मुलाने परदेशी रिग, म्हणजे पात्राचा हलवता येणारा तयार सांगाडा, उतरवून घेण्याआधी हे त्रिकोण चालवून पाहावेत. आणि साधनांची रड असेलच, तर दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली होती. काडेपेटी शिरगावात मिळते.

मुंबईच्या स्टुडिओत मुलाखतीला जाताना डहाणू लोकलमध्येही अभ्यास चालू ठेवता येतो. ब्रेक लागला की आधी माणसे झुकतात, मग खांद्यावरच्या बॅगा, शेवटी वरच्या कड्या. विरारनंतर हे दिसत नाही, कारण झुकायला जागा उरत नाही.

मुलाखतीत दाखवायचे शोरील, म्हणजे आपल्या निवडक कामाची फीत, एका मिनिटाचे पुरे. सर्वांत चांगला शॉट आधी लावावा, दुसऱ्याची रिग वापरली असेल तर त्याचे नाव द्यावे, आणि पार्श्वसंगीत इतके मोठे ठेवू नये की चाल झाकायला ठेवले असा संशय यावा. ‘शंभर टक्के नोकरी’ अशी पाटी लावलेल्या क्लासमध्ये पैसे भरण्यापूर्वी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांनी केलेला, चालणाऱ्या माणसाचा एक साधा शॉट दाखवायला सांगा. तो दाखवता आला नाही, तर पावती फाडू देऊ नका.