घरमालक : एक अभ्यासपर व्याख्यान
(एकपात्री विनोदी प्रयोग)

(रंगमंचावर उंच मेज, त्यावर पाण्याचा तांब्या, भाडेपावत्यांचे जुने पुस्तक आणि घडी घातलेला टॉवेल. व्याख्याता कोटाची गुंडी लावत प्रवेश करतो आणि पदवीदान समारंभात शोभेल अशा गंभीर स्वरात बोलू लागतो.)

मुंबईच्या गिरगाव, दादर, लालबाग या भागांत आढळणारा पागडीच्या चाळीचा मालक हा मालमत्ता असूनही उत्पन्न नसलेला वर्ग असून, त्याच्या अवस्थेचे मूळ शोधण्यासाठी दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे जावे लागते. त्या काळात जागेची टंचाई झाली, भाडी भडकली आणि पुढे १९४७ साली कायदा होऊन 'प्रमाणभाडे', म्हणजे ज्याहून अधिक भाडे घेणे बेकायदा ठरते ती रक्कम, मुख्यतः १ सप्टेंबर १९४० रोजीच्या दराला बांधली गेली. हा कायदा तात्पुरता होता.

(थांबतो. पाणी पितो. पुन्हा थांबतो.)

तात्पुरता म्हणून आत आलेल्या या कायद्याला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली, १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातील प्रमाणभाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाल्याचे म्हटले, तरीही ३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू होईपर्यंत त्याने जागा सोडली नाही. तेव्हा राज्यातील सर्वांत चिवट भाडेकरू चाळीत शोधण्याचे कारण उरत नाही.

(पावतीपुस्तक उघडतो, बोट ओले करून पान उलटतो.)

नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली, जी दीडशे रुपये भाड्यावर सहा रुपये होते आणि जिच्यात कटिंग चहाही येत नाही. येथे मालकपक्षाचे अभ्यासक पुढचे पान घाईने उलटतात, कारण त्या पानावर पागडी आहे. पागडी म्हणजे खोलीचा ताबा देताना एकरकमी घेतलेली भरभक्कम रक्कम. जुन्या कायद्यात ती घेणे गुन्हा होता, त्यामुळे ती पावतीविना घेतली जात असे, आणि भाडेकरूच्या आजोबांनी मोजलेले ते पैसे मालकाच्या आजोबांनी घेतले होते, ही गोष्ट मालकाचे घराणे सोडून साऱ्या चाळीला तोंडपाठ असते.

भाडे वसूल न होणे हे मालकाचे दुःख मानले जाते, परंतु सूक्ष्म निरीक्षणाअंती असे दिसते की भाडे वसूल होणे हे त्याहून मोठे दुःख आहे. मूळ भाडेकरू वारला आणि त्याच्यासोबत राहणारा भाचा हक्क सांगू लागला, तर त्याच्याकडून भाडे घेणे म्हणजे त्याला भाडेकरू म्हणून मान्य करणे ठरेल, या भीतीने मालक पैसे नाकारतो. भाचा मग मनीऑर्डर करतो, पोस्टमन दारात नोटा मोजायला घेतो, मालक हात पाठीमागे बांधतो (व्याख्याता हात पाठीमागे घट्ट बांधतो, पण नजर नोटांवर), आणि 'घेण्यास नकार' हा शेरा पडलेली पावती भाचा देवघरात जपून ठेवतो.

(टॉवेल उचलून दोन्ही हातांनी झटकतो.)

जागा सबळ कारणाविना सलग सहा महिने वापरात नसेल तर ताबा मागता येतो, या तरतुदीतून टॉवेलशास्त्र जन्माला आले. डोंबिवलीला राहायला गेलेला भाडेकरू रविवारी येतो, दिवा लावतो, दोरीवर ओला टॉवेल टाकतो आणि जातो. जिन्याखाली उभा राहिलेला मालक तो टॉवेल गेल्या रविवारचाच आहे की नवा, याची नोंद वहीत करतो, आणि विजेचे बिल पुराव्यादाखल मिळवू पाहतो.

मालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल, तर ती गरज प्रामाणिक असल्याचे सिद्ध करून भागत नाही. ताबा दिल्याने अधिक हालअपेष्टा कोणाच्या होतील, हेही लघुवाद न्यायालय, म्हणजे असे भाड्याचे दावे चालवणारे न्यायालय, तोलून पाहते. त्यामुळे एरवी लग्नकार्यात ऐपत मिरवणारी दोन घराणी साक्षीच्या पिंजऱ्यात दारिद्र्याची चढाओढ लावतात. एकाचा गुडघा दुखतो असे म्हणावे, तर दुसऱ्याचे दोन्ही दुखू लागतात.

(लंगडत मेजाच्या उजव्या बाजूला जातो, दुप्पट लंगडत परत येतो.)

खोली पागडीने दुसऱ्याला हस्तांतरित होताना मात्र प्रघातानुसार सुमारे एक तृतीयांश रक्कम मालकाला मिळते, आणि कायद्यानेही आता या व्यवहाराला मान्यता दिली आहे. अशा वेळी सकाळी न्यायालयात इमारत मोडकळीस आल्याचे प्रतिज्ञापत्र करणारा मालक दुपारी गिऱ्हाईक घेऊन येतो, भिंतीवर थाप मारतो आणि सागवानी तुळया आणखी शंभर वर्षे हलणार नाहीत असे सांगतो. वीस वर्षे त्याच्याशी भांडलेला भाडेकरू प्रथमच मान डोलावतो, "मालक म्हणतात ते खरं आहे," अशी पुस्ती जोडतो, आणि छतातून ठिबकणारा थेंब गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून नेमका त्याखाली जाऊन उभा राहतो.

(व्याख्याता टॉवेलने डोके पुसत आत जातो. अंधार.)