जिजीचा लॅक्टोमीटर

जिजी नात्याने नेमकी कोणाची कोण, हे धानोऱ्यात कोणी विचारत नाही. गल्लीत बाळंतीण आली की तासाभरात ती दारात हजर. पदर खोचलेला, नजर थेट बाजेवर. मुलगा की मुलगी, नाक कोणावर गेलं, असल्या फुटकळ गोष्टींत ती वेळ घालवत नाही. तिचा प्रश्न एकच: "काय बोय, दूध पुरस का?" आणि उत्तर यायच्या आतच मान हलवून निकालही देऊन मोकळी: "नई पुरत."

अशी जिजी गावोगाव असते. पुण्यात ती सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात असते, सुरतेत समोरच्या फ्लॅटमध्ये. आमची जिजी म्हशीवाली, एवढाच फरक. पहाटे डेअरीवर दूध घालायचं, फॅट कमी लावला म्हणून तिथल्या पोराशी भांडायचं, वाटेत रतीब टाकायचे आणि जाता जाता एखाद्या बाळंतिणीची तपासणी उरकायची. आयुष्यभर तिने दूध मापलं. लिटर, फॅट, डिग्री. जे दूध मापात येत नाही, ते तिच्या लेखी दूधच नाही. आईच्या अंगावर मात्र देवाने कुठे रेघा मारलेल्या नाहीत. जिजीचा देवावर राग आहे तो एवढ्याचसाठी.

माझी बहीण पहिल्या बाळंतपणाला सुरतेहून माहेरी आली. नंदुरबारच्या दवाखान्यात दोन किलो आठशे ग्रॅमचा भाचा झाला आणि मी मामा. दुसऱ्याच दिवशी जिजीचा निरोप आला: पहिलं पिवळं चिकट दूध पिळून टाकून द्या, बाळाला बाधतं. हीच जिजी कोणाची म्हैस व्याली की चिकासाठी तांब्या घेऊन चार गल्ल्या हिंडते, आणि खरवसात वेलची कमी पडली तर आठवडाभर बोलून दाखवते! म्हशीचा चीक अमृत आणि लेकीचा चीक नासकं दूध, हा न्याय मला अजून उमगलेला नाही. नशीब, निरोप पोचायच्या आत नर्सताईंनी बाळाला छातीशी लावलं होतं. पहिल्या दिवशी त्या पोटात एका वेळी चमचाभरच मावतं, आणि चीकही तेवढाच येतो. जिजीला तांब्या भरायला हवा होता.

घरी आल्यावर परीक्षा सुरू झाल्या. पहिली बोटाची. जिजीने करंगळी बाळाच्या ओठांना लावली, त्याने ती चोखली. "पाह्य, भुक्या शे!" आता नवं बाळ ओठाला लागेल ते चोखतं. जिजीची करंगळी चोखली, उद्या माझ्या सदऱ्याची बाहीही चोखेल. दुसरी परीक्षा टिचकीची. टरबूज वाजवून पाहावं तसं तिने पोट वाजवलं आणि आवाज पोकळ आला असं जाहीर केलं. तिसरी पिळण्याची, ती आतल्या खोलीत झाली, मी ओसरीवर होतो. चार थेंब आले म्हणे. जिजीच्या म्हशीलाही पारडू ढुसण्या देईपर्यंत पान्हा फुटत नाही, पण बहिणीने मात्र नळ सोडल्यासारखं दूध काढून दाखवावं, अशी अपेक्षा.

चौथी परीक्षा संध्याकाळची, आणि तिच्यापुढे आमचं घर खरंच डगमगलं. दिवसभर शहाण्यासारखं पिणारं पोर दिवेलागणीला पिसाळायचं. पी, सोड, रड, पुन्हा पी. दर अर्ध्या तासाने. जिजी म्हणाली, "पेस तरी रडस. पाणी शे ते, दूध नई." रात्री अकराला आईसुद्धा म्हणाली, "एकदा डबा आणून पाहू या का?" बहीण भिंतीकडे तोंड करून रडत होती. दूध खरंच कमी होऊ लागतं ते असल्या रात्री. डब्याची एक बाटली गेली की बाळ छातीशी एक वेळ कमी लागतं, तेवढं दूध कमी बनतं, की दुसरी बाटली आलीच. १९९२ च्या कायद्याने डब्याच्या दुधाची जाहिरात बंद केली, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्रही छापू देत नाहीत. पण जिजीला आवर घालणारं कलम त्यात नाही.

दुसऱ्या दिवशी गावच्या आशा कार्यकर्त्या, आमच्या आशाताई, आल्या. त्यांनी आधी बाळ कसं धरलंय ते पाहिलं. नुसतं टोक तोंडात, हनुवटी लांब. त्यांनी बहिणीचा हात बदलला, बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं, तोंड मोठं उघडायची वाट पाहिली आणि खालचा काळा भाग आत जाईल असं त्याला लावलं. हनुवटी छातीत रुतली. थोड्या वेळाने ओसरीवरही घुटक्यांचा आवाज आला. हे शिकवणारे व्हिडिओ आयआयटी मुंबईने केलेत आणि नंदुरबार जिल्ह्यात त्यावर प्रशिक्षणं झाली, हे कळल्यावर मला गहिवरून आलं. मी दोनदा परीक्षा देऊनही मला आयआयटीत जाता आलं नाही. भाचा आठव्या दिवशी पोचला.

संध्याकाळच्या रडण्याचंही ताईंनी सांगितलं: बरीच बाळं त्या वेळी अशी चिवटपणे पितात, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पिणं हे नेहमीचंच, आणि जेवढं ओढेल तेवढं वाढेल. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, पोटात किती गेलं ते दिसत नाही. बाहेर किती आलं ते दिसतं. ते लिहा."

अशा रीतीने मी लंगोट्यांचा कारकून झालो. पाच दिवसांनंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओल्या लंगोट्या हव्यात. शीचा रंग पहिल्या दिवसांतल्या काळ्यावरून चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळ्यावर यायला हवा. आमच्या बाळाचा आला होता, मोहरी वाटून कालवावी तसा. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरचीचा रंग पाहून भाव सांगणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलोय; पण या रंगावर मी एवढा हरखेन असं वाटलं नव्हतं. लिहायला दुसरा कागद नव्हता, म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच तारखेच्या चौकटीत आकडे टाकू लागलो. ७, ८, ६, ९.

त्याच चौकटीत जिजीच्या रतिबाचा हिशेब असे, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. एक तारखेला जिजी पैशांना आली, बोटाने बेरीज केली आणि सहा दिवसांचे पंचेचाळीस लिटर मागू लागली. आईने त्या लंगोट्या असल्याचं सांगितलं. जिजी बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिली. रडण्यावर तिचा विश्वास, पोट वाजवण्यावर विश्वास; पण कॅलेंडरवरचा आकडा ही तिच्यासाठी पोथी. "नऊ?" ती पुटपुटली. "मंग येवढं मुतस कशावर?"

तेवढ्यात आशाताई चौदाव्या दिवसाच्या फेरीला आल्या. हातात झोळीचा काटा. तिसऱ्या दिवशी याच काट्यावर बाळ दोन सहाशे भरलं होतं, तेव्हा जिजीने गल्लीभर सुतक असल्यासारखं तोंड केलं होतं. पहिल्या दिवसांत बाळ थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं, हे तिला पटलं नव्हतं. तिला हसणं सोपं आहे. तिने बहात्तरचा दुष्काळ पाहिलाय, कडेवरची पोरं सुकत गेलेली पाहिली आहेत. आणि बाळ सुस्त पडून राहिलं, लंगोट्या कोरड्या राहिल्या, वजन चढेना, तर ताईही क्षणभर न थांबता दवाखाना गाठायला सांगतात. जिजीची भीती खोटी नव्हती. तिचं माप चुकलं होतं.

बाळ झोळीत. काटा दोन नऊशेवर. आई देवाकडे वळली. जिजी म्हणाली, "काटा खोटा शे."

मग ती घरी गेली आणि सकाळीच दुकानातून आणलेला एक किलो गूळ घेऊन आली. झोळीत गूळ घातला. काटा नऊशेवर थांबला.

"पाह्य! शंभर कमी दावस!" जिजीचा चेहरा फुलला.

ताई काही बोलल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी तपासणीचं एक किलोचं वजन काढलं, झोळीत ठेवलं. बरोब्बर एक किलो. ते त्यांनी दोनदा करून दाखवलं.

जिजीने गुळाकडे पाहिलं, वजनाकडे पाहिलं, मग बाळाकडे. तोंडाच्या कडेने दुधाचा ओघळ, मुठी सैल सुटलेल्या, गाढ झोप. तिने गूळ पदरात बांधला आणि एक शब्द न बोलता बाजाराकडे निघाली. पंधरा मिनिटांनी तिचा आवाज आमच्या ओसरीपर्यंत येत होता: किती वर्षांपासून शंभर शंभर ग्रॅम मारतोस, याचा आज हिशेब दे!